खोक्यावर नसलेले नाव

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-अद्यतने थांबवली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असूनही निकालात निघालेले डेस्कटॉप घरोघरी, कचेऱ्यांत उरले आणि त्यांतल्या काहींवर लिनक्सची उबुंटू, मिंट किंवा फेडोरा ही वितरणे बसू लागली. लिनक्स बसवणे आता अवघड राहिलेले नाही. पडदा उजळतो, कीबोर्ड-माउस चालतात, आवाज येतो, प्रिंटरही पुष्कळदा आपणहून सापडतो. घोडे पेंड खाते ते एकाच ठिकाणी: कोपऱ्यात वायफायचे चिन्हच दिसत नाही.

बाकी सगळे सुरळीत असताना वायफायच का अडते? तारेचे नेटवर्क कार्ड आपल्याच तारेतून विजेचे ठोके पाठवते. त्याच्याशी शेजाऱ्याला काही देणेघेणे नसते. वायफाय कार्ड हा मात्र रेडिओ आहे. तो पाठवतो आणि ऐकतो ते साऱ्यांच्या सामायिक लहरींत. कोणत्या वारंवारितेवर बोलायचे, किती ताकदीने बोलायचे, दुसरा बोलत असताना किती वेळ गप्प राहायचे, हे सारे त्याच्या आतला प्रोग्राम ठरवतो. म्हणून त्याच्यावर एका बाजूने सरकारी नियमांची नजर असते आणि दुसऱ्या बाजूने कंपनीच्या गुपितांचे कुलूप.

लिनक्सवर वायफाय चालायला पाच गोष्टी एकामागून एक जुळाव्या लागतात. चिप ओळखली जावी लागते, तिला चालवणारा ड्रायव्हर असावा लागतो, चिपमध्ये भरायचे फर्मवेअर हाताशी असावे लागते, देशाचा नियम नीट लागू व्हावा लागतो आणि शेवटी यंत्राची परवानगी मिळावी लागते. यांतले काय तुटले आहे हे क्रमाने शोधले की दुरुस्ती निम्मी झाली. इंटरनेटवर सापडतील त्या आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवत सुटले तर जे चालत होते तेही बिघडते.

आधी ओळख

दुकानातल्या खोक्यावर असते ते विकणाऱ्या कंपनीचे नाव. आतली चिप बहुधा दुसऱ्याच कोणाची असते: इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक, ब्रॉडकॉम, किंवा २०११ मध्ये अ‍ॅथेरॉस विकत घेतलेली क्वालकॉम. लिनक्सला खोक्यावरच्या नावाशी काही कर्तव्य नसते, ते फक्त चिप ओळखते.

टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा यूएसबी डोंगल याचा नामी नमुना आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ चिप होती. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच होता. डोंगल खोचला की काम सुरू. लिनक्सवाल्यांत त्याची कीर्ती पसरली ती यामुळे. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. मॉडेलचे नाव तेच राहिले, आवृत्तीचा आकडा तेवढा लेबलावर बारीक अक्षरांत बदलला. जुन्या शिफारशीवर विसंबून डोंगल घेणाऱ्यांच्या हाती भलतेच यंत्र पडले.

चिपचे नाव यंत्रालाच विचारता येते. कार्ड पीसीआय एक्सप्रेस किंवा एम.२ खाचेत असेल तर टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यायची, यूएसबीत असेल तर ‘एलएसयूएसबी’. दोन्ही अर्थात रोमन लिपीत, लहान अक्षरांत. पहिल्या आज्ञेपुढे एक जागा सोडून आडवी रेघ आणि ‘एनएनके’ ही अक्षरे जोडली की चिपचे नाव, तिचा ओळख-क्रमांक आणि सध्या कोणता ड्रायव्हर वापरात आहे, हे सगळे एकत्र दिसते. या क्रमांकाचे दोन भाग असतात, पहिला कंपनीचा आणि दुसरा वस्तूचा. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा आकडा घेतला आहे. १९७८ साली बाजारात आलेल्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच तो आकडा. ८०८६:२७२३ दिसले तर कार्ड इंटेलचे एएक्स२०० आहे. १४ई४ने सुरुवात असेल तर ब्रॉडकॉम, यूएसबीवर ०बीडीए असेल तर रिअलटेक. मदत शोधताना मॉडेलच्या नावाऐवजी हा क्रमांक वापरला तर चुकीच्या सल्ल्यांपैकी बहुतेक आपोआप गळून पडतात.

यादीत कार्डच दिसत नसेल तर ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नाही. कार्ड खाचेत सैल बसलेले असते, किंवा बायोसमध्ये बंद केलेले असते. आणखी एक फसगत अलीकडची आहे. इंटेलच्या एएक्स२०१ किंवा एएक्स२११ या कार्डांवर रेडिओचा एक भागच असतो, उरलेले काम इंटेलच्या चिपसेटमध्ये होते. असे कार्ड एएमडीच्या मदरबोर्डावरच्या खाचेत नीट बसते, स्क्रूही लागतो, पण ते कधीच चालत नाही. एएमडीवाल्याने एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यावे.

काही यूएसबी डोंगल यादीत येतात, पण चक्क सीडी ड्राइव्ह म्हणून. विंडोजचा ड्रायव्हर वेगळ्या तबकडीत द्यायला नको म्हणून तो डोंगलच्याच पोटात ठेवलेला असतो. खोचल्यावर आधी तो भाग पुढे येतो. ‘यूएसबी-मोडस्विच’ हा छोटा प्रोग्राम त्याला खऱ्या रूपात आणतो. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत तो सहज मिळतो.

गुपिताची वर्षे

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात. कर्नलबरोबर ते वाढतात, तपासले जातात, दुरुस्त होतात. ड्रायव्हर लिहिण्यासाठी मात्र चिपच्या आतले कप्पे कोणते आणि कोणत्या कप्प्यात कोणता आकडा लिहिला की काय घडते, याची माहिती लागते. ही माहिती कंपन्या देत नसत.

सुरुवात अशी नव्हती. १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आले, त्याच सुमारास एचपीच्या प्रयोगशाळेतील ज्याँ तुरिल्ह यांनी लिनक्ससाठी बिनतारी जोडणीची पहिली सामायिक आज्ञावली तयार केली. तेव्हाच्या ल्यूसंट आणि इंटरसिलच्या चिपांसाठी चांगले ड्रायव्हर होते. फिनलंडच्या यौनी मालिनेन यांनी २००३ मध्ये सुरू केलेला ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ हा पासवर्डची देवघेव सांभाळणारा प्रोग्राम आजही असंख्य यंत्रांत चालतो. वायफाय लॅपटॉपांत सर्रास येऊ लागले आणि स्वस्त, वेगवान चिपांची स्पर्धा लागली, तशी दारे बंद झाली.

ब्रॉडकॉमची गोष्ट यात सर्वांत बोलकी आहे. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरच्या आत लिनक्स असल्याचे उघडकीस आले. लिनक्सच्या परवान्यानुसार मूळ कोड खुला करणे भाग होते. लिंक्सिस नुकतीच विकत घेतलेल्या सिस्कोने तो दिला, आणि त्यातूनच पुढे राउटरसाठीचे ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. पण त्या राउटरमधल्या ब्रॉडकॉम चिपचा ड्रायव्हर वाचता न येणाऱ्या बंद रूपातच राहिला. म्हणजे घराच्या कोपऱ्यातल्या राउटरमध्ये ब्रॉडकॉमचा रेडिओ लिनक्सवर खुशाल चालत होता आणि टेबलावरच्या संगणकात त्याच कंपनीची चिप लिनक्सपुढे मूक होती. तांत्रिक अडचण नव्हतीच. अडचण कागद न देण्याची होती.

यातून दोन वाटा निघाल्या. एक जुगाडाची: ‘एनडीआयएस-रॅपर’ नावाच्या सोयीने विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवायचा. वायफाय चालू होई, पण यंत्र मधेच गोठले तर कारण शोधण्याचा मार्ग नसे, कारण आतला कोड कोणीच पाहिलेला नसे.

दुसरी वाट कष्टाची. बंद ड्रायव्हर चालताना चिपशी काय बोलतो हे निरखून एका गटाने त्याचे फक्त वर्णन लिहायचे. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न पाहता त्या वर्णनावरून नवा लिहायचा. कोणी कोणाचा कोड चोरला असे म्हणायला जागा राहू नये म्हणून ही विभागणी. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी घराण्यांत दडलेल्या चिजा स्वरलिपीत उतरवल्या; त्यातली एखादी चीज, ती कधीच न ऐकलेल्या गायकाने केवळ स्वरलिपीवरून उभी करावी, तसा हा प्रकार. अशा रीतीने लिहिलेला ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर जून २००६ मध्ये आलेल्या २.६.१७ या कर्नलमध्ये दाखल झाला.

अ‍ॅथेरॉसची तऱ्हा जराशी वेगळी होती. तिच्या चिपांसाठी ‘मॅडवायफाय’ हा ड्रायव्हर होता, पण हार्डवेअरला थेट हात लावणारा त्याचा थर बंद होता. तो उघडला तर कोणीही रेडिओला मनाई असलेल्या वारंवारितेवर नेईल, असे कारण दिले जाई. ओपनबीएसडी या खुल्या प्रणालीच्या रायक फ्लोटर यांनी तो थर स्वतंत्रपणे लिहून काढला आणि जग बुडाले नाही. जुलै २००८ मध्ये अ‍ॅथेरॉसने स्वतःच ‘एटीएच९के’ हा पूर्ण खुला ड्रायव्हर दिला. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही काही नव्या चिपांसाठी तेच केले. दरम्यान डिव्हाइसस्केप या कंपनीने दिलेल्या कोडमधून ‘मॅक८०२११’ हा सामायिक थर तयार होऊन २००७ मध्ये कर्नलमध्ये आला. तोवर प्रत्येक ड्रायव्हर वायफायचे अख्खे शिष्टाचार आपापले लिहीत असे. आता ते एकदाच लिहिलेले मिळू लागले आणि ड्रायव्हर लहान, सुबक झाले.

या इतिहासाचे सावट आजच्या ड्रायव्हरांच्या यादीवर स्पष्ट दिसते. इंटेलचे ड्रायव्हर इंटेलच लिहून कर्नलमध्ये देते. मीडियाटेकचा ‘एमटी७६’ हा परिवार कर्नलमध्ये चांगला रुळला आहे. रिअलटेकच्या पीसीआय चिपांसाठी ५.२ या कर्नलपासून (२०१९) ‘आरटीडब्ल्यू८८’ आणि ५.१६ पासून (२०२२) ‘आरटीडब्ल्यू८९’ आहे. ‘आरटीडब्ल्यू८८’मध्ये यूएसबी डोंगलांची पाळी मात्र उशिरा, ६.२ या कर्नलबरोबर २०२३ साली आली. जुन्या मॅकमधल्या ब्रॉडकॉमच्या बीसीएम४३६०ला आजही ‘डब्ल्यूएल’ हा बंद ड्रायव्हर लागतो.

कर्नलमध्ये नसलेला ड्रायव्हर बाहेरून आणून बसवता येतो. पण कर्नल अद्ययावत झाला की तो निखळतो. डेलमध्ये जन्मलेली ‘डीकेएमएस’ ही सोय नव्या कर्नलबरोबर त्याची आपोआप पुनर्बांधणी करते. तीसुद्धा ड्रायव्हरचा लेखक जागा आहे तोवरच. त्याने लक्ष काढून घेतले की एका सकाळी बांधणी फसते आणि कालपर्यंत चालणारे वायफाय गायब होते.

रोज नव्याने भरायचा मजकूर

ड्रायव्हर संगणकाच्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर वायफाय चिपच्या आतल्या छोट्या प्रोसेसरवर. चिपमध्ये कायमची स्मृती ठेवली तर पैसे वाढतात, म्हणून बहुतेक चिपा कोऱ्या पाटीने जाग्या होतात आणि प्रत्येक वेळी संगणकाने फर्मवेअरची फाइल त्यांच्यात भरावी लागते. ही फाइल कंपनी वाटू देते, पण तिचा मूळ कोड देत नाही.

डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ वितरणाला हे खटकत असे. त्यामुळे डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर नसे, आणि नवख्या माणसाला पेच पडे: वायफाय चालवायला फाइल हवी, फाइल मिळवायला इंटरनेट हवे, इंटरनेटसाठी वायफाय हवे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळू लागले.

हा पेच अजूनही कुठे पडला तर अँड्रॉइड फोन यूएसबीच्या तारेने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. संगणकाला ती तारेची जोडणी वाटते, कोणताही वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि हवी ती फाइल उतरवून घेता येते.

फर्मवेअर नसल्याची खूण कर्नलच्या नोंदवहीत सापडते. ‘डीमेसेज’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने देऊन ‘फर्मवेअर’ या शब्दाचा शोध घ्यावा. ‘एरर -२’ असे दिसले तर त्याचा अर्थ साधा आहे: फाइल सापडली नाही. कोणती फाइल, हे त्याच ओळीत लिहिलेले असते. उबुंटूत ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज अद्ययावत केले की बहुतेकदा काम भागते.

भारताचा कोड

१९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने रेडिओलहरींचे काही पट्टे विनापरवाना वापराला मोकळे केले आणि वायफायचा मार्ग खुला झाला. प्रत्येक देशाचे पट्टे व ताकदीची मर्यादा वेगळी असते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाला; ५ गिगाहर्ट्झमधले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने.

लिनक्स देशोदेशीच्या नियमांची एक सारणी बाळगते आणि दोन अक्षरी देश-कोडावरून योग्य ओळ निवडते. देश ठाऊक नसेल तर ‘००’ हा सावध कोड लागू होतो आणि ५ गिगाहर्ट्झच्या बऱ्याच चॅनेलांवर कार्ड आपणहून बोलत नाही, फक्त ऐकते. अमेरिकेचा कोड बसला असेल तर २.४ गिगाहर्ट्झमधले १२ आणि १३ हे चॅनेल बाद होतात. राउटर १३व्या चॅनेलवर असेल तर फोनवर नेटवर्क दिसते, संगणकावर नाही, आणि दोष बिचाऱ्या ड्रायव्हरवर जातो. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ ही आज्ञा लागू असलेला कोड सांगते. भारतासाठी तो ‘आयएन’ असावा.

परवानगी आणि लोखंडी पेटी

ड्रायव्हर आहे, फर्मवेअर आहे, तरी चिन्ह करडेच असेल तर ‘आरएफकिल लिस्ट’ विचारावे. उत्तरात ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर रेडिओ सॉफ्टवेअरने बंद आहे. ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने सुटतो. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर यंत्रावरची कळ किंवा बायोस तपासायचे. तिथे कोणतीही आज्ञा उपयोगी पडत नाही.

बाहेरून बसवलेल्या ड्रायव्हरला आणखी एक चौकी असते: सिक्युअर बूट. ते चालू असेल तर कर्नल बिनसहीचे मॉड्यूल आत घेत नाही. उबुंटूत डीकेएमएसचा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तोच देऊन नवी किल्ली नोंदवायची असते. तो पडदा काही सेकंदच थांबतो. घाईत ‘कंटिन्यू’ दाबले की ड्रायव्हर बसूनही निरुपयोगी राहतो.

जोडणी होते, पण रखडते, अशी तक्रार असेल तर आधी हवेकडे पाहावे. डेस्कटॉपची पेटी लोखंडी असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, पेटीच्या मागे, भिंतीला टेकून खोचलेल्या नखाएवढ्या डोंगलपर्यंत ती धड पोचत नाही. त्यात यूएसबी ३.० आपल्या कामाच्या ओघात नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते. इंटेलनेच २०१२ मध्ये तसे निबंधात मांडले होते. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर आणला की पुष्कळदा वेग सुधारतो. पीसीआय कार्ड असेल तर मागचे अँटेना खरोखर पिळून बसवले आहेत ना, हे पाहावे. ब्लूटूथही असलेल्या कार्डातून एक वायर मदरबोर्डच्या यूएसबी पिनांना जोडायची असते. ती राहिली तर वायफाय चालते आणि ब्लूटूथ नाही.

एवढे करूनही थोड्या थोड्या वेळाने जोडणी मंदावत असेल तर वीजबचत बंद करून पाहावी. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय-पॉवरसेव्ह’चा आकडा ३ असेल तर बचत चालू, २ असेल तर बंद. डेस्कटॉपला बॅटरी नसते. तिथे या काटकसरीचा फायदा नगण्यच.

विकत घेताना

नवे कार्ड घ्यायचे असेल तर डेस्कटॉपसाठी पीसीआय किंवा एम.२ प्रकारचे, इंटेलच्या एएक्स२०० अथवा एएक्स२१० चिपचे कार्ड हा सर्वांत बिनघोर पर्याय आहे. डोंगलच हवा असेल तर मीडियाटेकच्या एमटी७६१२यू चिपचा पाहावा; तिचा ड्रायव्हर ४.१९ या कर्नलपासून आत आहे. अगदी ताजी चिप टाळावी. ड्रायव्हर कर्नलमध्ये यायला आणि तो कर्नल तुमच्या वितरणात पोचायला अवधी लागतो. दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्तीवर असाल तर आणखीच.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतो तो वेग आणि अँटेनांची संख्या. चिपचे नाव विक्रेत्याला बहुधा ठाऊक नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही, ते छापलेलेच नसते. अशा वेळी खिशात लाइव्ह उबुंटूचा पेनड्राइव्ह असावा. दुकानातल्या एखाद्या संगणकावर तो चालवून डोंगल खोचायचा, ‘एलएसयूएसबी’ द्यायची आणि नेटवर्कांची यादी उमटते का पाहायचे. दुकानदार तयार नसेल तर लिनक्सवर चालले नाही तर परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी. तीही नको म्हणाला तर शेजारचे दुकान उघडे असते.